अर्जाच्या नमुन्यासाठी अर्ज

‘घरबसल्या’ हा शब्द ज्याने शोधून काढला, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. मारणार नाही मी त्याला, आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणावर हात उगारलेला नाही. फक्त समोर बसवून विचारणार आहे, की बाबा रे, तू स्वतः कधी घरी बसला आहेस का? घरी बसलेल्या माणसाला बायको डब्याचं घट्ट झाकण उघडायला बोलावते, वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर कालचं वर्तमानपत्र परत करायला आणि आजचं न्यायला येतात, आणि यातून वेळ उरलाच तर त्याने लाखो रुपये कमवायचे असतात.

मला हा शब्द मोबाइलवर भेटला. कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या मागे एक लाल मोटार होती. (मोटार भाड्याची होती हे मला नंतर कळलं. कोटाबद्दल अजून खात्री देता येत नाही.) ते म्हणाले, “मित्रा, एक वेबसाइट बनव. तिच्यावर जाहिराती लाव. ती महिन्याला दहा हजार कमवायला लागली की तीस पटीने विकून टाक. झाले तीन लाख! मग दुसरी बनव.” म्हणजे लोक घरं बांधून विकतात तशा वेबसाइटी बांधून विकायच्या. यात सिमेंट नाही, वाळू नाही, आणि हा जिना कुणी मंजूर केला म्हणून विचारायला कुणी येत नाही. मी तिथल्या तिथे हिशोब केला. वर्षाला सहा वेबसाइटी धरल्या तरी अठरा लाख होत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हा आकडा सांगितला.

“बाजारात तुरी,” एवढंच ती म्हणाली. म्हणीचा उरलेला भाग आमच्या घरात बोलून दाखवायची गरज पडत नाही.

एरवी हे प्रकरण इथेच मिटलं असतं. मी कोटवाल्यांचा अभ्यासक्रम विकत घेतला असता, दोन धडे पाहिले असते आणि तिसऱ्याला झोपलो असतो. पण त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ पाहुणे आले. मी आवक-जावक विभागात बसतो. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारून क्रमांक घालायचा, तो योग्य टेबलाकडे पाठवायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो परत आला की जावक क्रमांक घालून बाहेर सोडायचा, हे माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. आमचे साहेब पाहुण्यांना एकेकाची ओळख करून देत देत माझ्या टेबलापाशी आले. “आणि हे...” म्हणाले. मग थांबले. छताकडे पाहिलं. मग म्हणाले, “हे आपले आवक-जावक.” पाहुण्यांनी आवक-जावकशी हात मिळवला आणि पुढे गेले.

अकरा वर्षं हे साहेब माझ्या टेबलावरून पेन उचलून नेताहेत आणि त्यांना माझं नाव ठाऊक नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच दुपारी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, स्वतःच शिक्का मारला, स्वतःच क्रमांक घातला आणि पुढच्या टेबलावर ठेवला. मनात म्हटलं, आपल्या कार्यालयात कागद हलायला वर्ष लागतं. तोवर राग शांत होईल, मग बघू. पण माझ्या अर्जाला काय पाय फुटले देव जाणे. सात टेबलं त्याने दोन दिवसांत ओलांडली. ज्या टेबलावरचा माणूस पाच वर्षं रजेवर आहे अशी आमच्याकडे समजूत आहे, त्या टेबलावरूनसुद्धा सही होऊन तो पुढे गेला. तिसऱ्या दिवशी मंजुरीचं पत्र माझ्याकडेच जावक क्रमांकासाठी आलं. आजपासून तीन महिन्यांनी सेवा समाप्त.

पत्र मी बायकोच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि फ्रिजच्या दाराला चुंबकाखाली लावलं.

“अजून सहा वर्षं नोकरी होती तुमची,” ती म्हणाली.

“आता आपण मालक,” मी म्हणालो.

“कशाचे?”

आणि तिने अट घातली. “तीन महिन्यांत एक वेबसाइट विकून दाखवा. एकच, सहा नकोत. विकली गेली तर खुशाल नोकरी सोडा, मी हूं की चूं करणार नाही. नाही विकली गेली तर शेवटच्या दिवशी स्वतःच्या पायांनी साहेबांकडे जाऊन अर्ज मागे घ्यायचा. आणि त्यानंतर या घरात चहात साखर कमी आहे असंसुद्धा म्हणायचं नाही.”

मी मान्य केलं. दुसरं काय करणार? पगार बंद झाल्यावर साखर असतीच कुठे.

आता वेबसाइट कशाची काढायची हा प्रश्न आला. कोटवाले म्हणतात, जे तुम्हाला सर्वांत चांगलं येतं त्याचीच काढा. मी दोन संध्याकाळी विचार केला की आपल्याला काय येतं. सारं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं तेव्हा एकच गोष्ट सापडली. मला अर्ज येतो. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आपला विश्वासू. अठ्ठावीस वर्षांत मी एवढे अर्ज वाचले आहेत, की माणसाने पाकीट पुढे सरकवलं की त्याच्या अंगठ्यावरून मला कळतं आत तक्रार आहे की विनंती. तेव्हा ठरलं. लोकांना लागणाऱ्या सर्व प्रकारच्या अर्जांचे नमुने आपल्या वेबसाइटवर ठेवायचे.

ही बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. हेडमास्तर वर्तमानपत्र न्यायला आले ते पाऊण तास बसले. निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली आहेत, पण ते अजून हजेरी घेतल्यासारखं बोलतात. “नाव भारदस्त हवं,” ते म्हणाले. “‘लेखनदीपिका’ ठेवा.” तळमजल्यावरच्या विमा एजंटाचं म्हणणं पडलं की नाव छोटं हवं आणि नावात विमा हवा. बायकोचा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, म्हणाला, “भाऊजी, चांगली नावं सगळी आधीच गेली आहेत, उरलेल्यातलं घ्या.” उरलेल्यात ‘अर्जघर’ होतं. ते घेतलं.

या मेहुण्याविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. तो कॉम्प्युटरमध्ये आहे असं आमच्या सासुरवाडीत समजतात. प्रत्यक्षात तो प्रिंटर दुरुस्त करतो. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी घरातलीच असली की तिला नाही म्हणता येत नाही. तो आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसला आणि त्याने खरोखर वेबसाइट उभी केली. पहिलं भांडण तिसऱ्या दिवशी झालं.

“हे झालं भाऊजी,” तो म्हणाला. “माणूस येणार, हवा तो नमुना दाबणार, घेऊन जाणार.”

“म्हणजे कुणीही यावं आणि उचलून न्यावं?” मी म्हणालो. “ही काय धर्मशाळा आहे? नमुना हवा असेल तर रीतसर मागणी नको करायला?”

“मागणी म्हणजे?”

“अर्ज.”

मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. “अर्जाचा नमुना मिळावा म्हणून अर्ज करायचा?”

“अर्थात.”

“पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही तोच तर नमुना मागायला येणार ना?”

“त्याच्यासाठी नमुना ठेवलेला आहे.”

“तो कसा मिळणार?”

“अर्ज केल्यावर.”

त्याने कपाळाला हात लावला. पण वेबसाइट माझी होती आणि सायंकाळचा चहा माझ्या घरचा होता, त्यामुळे माझं चाललं. अर्जदाराने चौदा रकाने भरायचे, मग त्याला आवक क्रमांक मिळणार, मग मी स्वतः अर्ज वाचून सात कामकाजाच्या दिवसांत नमुना तयार करून पाठवणार. कामकाजाची वेळ दहा ते साडेपाच. रविवारी वेबसाइट बंद. आणि रोज दुपारी एक ते दोन पाटी लागणार: ‘जेवणाची सुट्टी. कृपया दोननंतर यावे.’ ही पाटी लावायला मेहुणा मुळीच तयार नव्हता. वेबसाइटला जेवण नसतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, “वेबसाइटला नसेल. तिच्या मागे बसलेल्या माणसाला असतं.” शेवटी बायकोने आतून ओरडून सांगितलं की लाव रे बाबा पाटी, म्हणजे हे उठतील. तेव्हा त्याने लावली.

पहिल्या महिन्यात वेबसाइटवर चौसष्ट माणसं येऊन गेली. त्यांतली पंचावन्न मी होतो. पण उरलेल्या नवांपैकी दोघांनी अर्ज केले, आणि त्यातला एक एका रखवालदाराचा होता. बँकेच्या एटीएमसमोर बारा बारा तास उभं राहून पाय सुजतात, बसायला खुर्ची मिळावी म्हणून मालकाला काय लिहावं, असं त्याने विचारलं होतं. चौदापैकी अकरा रकाने त्याने चुकवले होते. मी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला. त्याने पुन्हा केला. मी पुन्हा परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यात खाली एक ओळ जास्त होती, ‘साहेब, मी सातवी शिकलोय, राग मानू नका.’ ती वाचून मला माझीच लाज वाटली. मी त्याच्यासाठी असा अर्ज लिहून दिला की वाचणाऱ्याला स्वतः उभं राहावंसं वाटावं. पंधरा दिवसांनी त्याचं उत्तर आलं: ‘खुर्ची नाही पण स्टूल मिळालं. देव तुमचं भलं करो.’ ते मी बायकोला वाचून दाखवलं. “याचे किती मिळाले?” तिने विचारलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, फ्रिजवरचं पत्र रोज तिच्याच समोर असायचं.

पैसे मिळायचे तर जाहिराती लागणार होत्या. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीने कळवलं, की तुमचा पत्ता खरा आहे हे तपासायला आम्ही टपालाने एक पत्र पाठवू, त्यातला आकडा आम्हाला कळवा. पत्ता म्हणून मी कार्यालयाचा दिला होता. घरचा पत्ता ‘गिरणीच्या मागे’ असा आहे, तो मोठ्या कंपनीला कसा सांगायचा? पत्र आठ दिवसांत आलं. आवक-जावकच्या टपालात, म्हणजे माझ्याच टेबलावर, माझ्याच हातात. आता दुसरा कुणी असता तर त्याने पाकीट फोडून आकडा पाहिला असता. पण कार्यालयाच्या पत्त्यावर आलेला कागद क्रमांक घातल्याशिवाय उघडायचा नाही आणि अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही, हा नियम मीच नव्या माणसांना अठ्ठावीस वर्षं शिकवत आलो आहे. मी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पाकीट साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला.

कुणी कुणाशी चर्चा करावी हे त्यांनी लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते पाकीट प्रत्येक टेबलावर चर्चेची वाट बघत चार-चार दिवस पडून राहिलं. ज्या कार्यालयाने माझा निवृत्तीचा अर्ज दोन दिवसांत पार केला त्याच कार्यालयात माझं पाकीट पाच आठवडे फिरलं. मला ते रोज दिसायचं. लेखा विभागात तर त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला होता. घरी मेहुणा केस उपटत होता. “भाऊजी, उचला ना ते! तुमचंच आहे!” “माझंच आहे म्हणून तर उचलता येत नाही,” मी म्हणायचो. बायको तेव्हा पोळपाट जरा जोरात आपटायची.

दुसरा महिना संपता संपता पाकीट ‘पाहिले, संबंधितास द्यावे’ असं होऊन माझ्याकडे आलं आणि जाहिराती सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी माझ्या वेबसाइटवर टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात झळकली. मला टक्कल आहे. ती जाहिरात त्या यंत्राला कुणी सुचवली, हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्या दिवशी तब्बल साडेतीन रुपये मिळाले होते.

हे मी आनंदाने हेडमास्तरांना सांगितलं, तीच चूक झाली. “जाहिरात दाबली की पैसे मिळतात?” त्यांनी विचारलं. “मग सोपं आहे!” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फिरायला येणाऱ्या आपल्या सतरा निवृत्त मित्रांना बागेतल्या बाकांवर रांगेने बसवलं आणि सगळ्यांकडून माझ्या वेबसाइटवरच्या जाहिराती दाबून घेतल्या. जो मागे पडेल त्याला उभं केलं. शिस्तीचा माणूस! तीन दिवस सतरा म्हातारे टकलाचं तेल दाबत होते. चौथ्या दिवशी कंपनीने लबाडीच्या कारणावरून माझं खातं बंद केलं.

लबाडी! आमच्या घराण्यात हा शब्द कुणी आमच्याबद्दल वापरलेला नाही. मी त्या कंपनीला असा अर्ज लिहिला, की तसा अर्ज माझ्या हातून पुन्हा होणे नाही. पाच पानं, सोळा मुद्दे, शिवाय हेडमास्तरांचं चारित्र्य प्रमाणपत्र जोडलेलं. पाठवला. चौथ्या सेकंदाला उत्तर आलं: ‘आपल्या विनंतीचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला आहे.’ नामंजूर. अहो, हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना पाठवलेलं आहे, ते काय मला नवीन आहे? पण पाठवण्यापूर्वी कागद निदान आठ महिने तरी ठेवून घेतो आम्ही. माणसाचा काही मान असतो की नाही! त्या दिवशी मी जेवलो नाही.

मेहुण्याने परिस्थिती समजावून सांगितली. “कमाईच्या तीस पट किंमत येते, भाऊजी. कमाई शून्य आहे.” मी म्हटलं, समजलं. तो म्हणाला, “शून्याच्या तीस पट...” मी म्हटलं, “समजलं म्हणतोय ना.” फ्रिजवरच्या पत्राप्रमाणे सतरा दिवस राहिले होते. रात्रंदिवस एकच धास्ती होती, की साहेबांसमोर उभं राहून ‘चुकलो’ म्हणावं लागणार. त्यांना नाव माहीत नसलेल्या माणसाचा निवृत्तीचा अर्ज त्यांनी परत करायचा. त्यापेक्षा टकलाचं तेल पिणं बरं.

आणि अचानक एका दुपारी मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, वेबसाइटवर एक लाख माणसं आहेत!”

मी म्हणालो, “दोन वाजले का?”

“पावणे एक. सगळे एक वाजायची वाट बघताहेत!”

झालं होतं असं की कुणीतरी माझ्या जेवणाच्या सुट्टीच्या पाटीचा फोटो काढून गावभर केला होता. जगातली एकमेव जेवायला जाणारी वेबसाइट म्हणून लोक ती बंद होताना बघायला येत होते. एक वाजला, पाटी लागली, आणि म्हणे लाखभर लोकांनी टाळ्या वाजवल्याची चित्रं पाठवली. मला आधी वाटलं माझ्या शिस्तीचं कौतुक चाललं आहे. संध्याकाळी घरी येऊन मी छाती फुगवून वाचायला लागलो. ‘हसून हसून पोट दुखलं.’ ‘हा माणूस थोर विनोदी आहे.’ ‘यांनी माझा अर्ज समास सोडला नाही म्हणून परत पाठवला, मी फ्रेम करून लावलाय.’ मी एक एक वाचत गेलो आणि माझी छाती पुन्हा होती तेवढी झाली. बायको मागे उभी राहून वाचत होती. ती हसायला लागली. पदराने डोळे पुसायला लागली तरी हसणं थांबेना. मला ते फार लागलं. मी उठून बाल्कनीत जाऊन वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो.

लोक मात्र नुसते हसून गेले नाहीत. त्या गर्दीत खरे अर्जही यायला लागले. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज. आठवड्यातून एक दुपार माहेरी जाऊ द्यावं म्हणून एका सुनेचा सासूबाईंना अर्ज. तिने ‘विषय’समोर ‘भीत भीत’ असं लिहिलं होतं. दोनशे बारा अर्ज झाले. मी रोज बसून एकेकाला उत्तर दिलं. समासाबद्दल लिहिणं सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी खरेदीदार आली. मी अर्धी रजा टाकली होती. पंचविशीतली मुलगी, पायात खेळाचे बूट, हातात लॅपटॉप. तिची कंपनी लोकांना हसवणारे व्हिडिओ करत होती. किंमत तिने आधीच कळवली होती, साडेतीन लाख. कोटवाल्यांपेक्षा पन्नास हजार जास्त! बायकोने चांगले कप काढले होते. मेहुणा नवा शर्ट घालून दाराजवळ उभा होता.

“काका, आधी सांगा, हे सुचलं कसं?” ती म्हणाली. “कारकुनी कारभाराची इतकी भारी थट्टा मी कुठे पाहिली नाही.”

“थट्टा?” मी म्हणालो.

टेबलाखाली बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

“हो, थट्टाच,” मी म्हणालो. अठ्ठावीस वर्षांची नोकरी मी दोन शब्दांत मोडीत काढली. पण साडेतीन लाख होते आणि संध्याकाळी साहेबांसमोर जायचं नव्हतं.

तिने करार पुढे केला. मी वाचायला घेतला. ती म्हणाली, काका, असे करार कुणी वाचत नाही. मी वाचला. नवव्या कलमात होतं: वेबसाइट आणि तिच्याकडे आलेले सर्व अर्ज.

“अर्ज कशाला?” मी विचारलं.

“तेच तर सोनं आहे! तुमच्या मेहुण्यांनी मला दोन-चार वाचायला पाठवले होते. रोज एक अर्ज घ्यायचा, नटांकडून वाचून घ्यायचा. त्या रखवालदाराचा स्टूलवाला तर पहिलाच. आणि ती भीत भीत सून! लोक वेडे होतील हसून. नावं हवं तर काढून टाकू.”

मी चष्मा काढून पुसला. “नाव काढलं तरी अर्ज त्याचाच राहतो,” मी म्हणालो. “अर्ज ज्याला लिहिला त्यानेच वाचायचा असतो. तिसऱ्याला द्यायचा तर अर्जदाराची लेखी संमती लागते.”

ती खो खो हसली. “काका, कसले आहात तुम्ही!”

“मी थट्टा करत नाही. मी कधीच केली नव्हती. ती वेळ, ते रकाने, ती पाटी, सगळं मी खरं समजून लावलं होतं.”

ती हसायची थांबली. मुलगी वाईट नव्हती. तिने हळूच विचारलं, “मग अर्ज सोडून काय उरतं, काका? नुसती पाटी?” मी म्हटलं, तेवढीच आहे. तिने अजून पन्नास हजार वाढवून पाहिले. मेहुण्याच्या तोंडून आवाज निघाला. मी बायकोकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर सही झाली असती. मी करार घडी घालून परत दिला. तिने चहा संपवला, बूट घातले आणि ती गेली.

आता घरात काय होणार याची मी वाट बघत बसलो. बायकोने कप उचलले. जेवणं झाल्यावर फ्रिजवरचं पत्र काढलं. “अडीच वाजलेत,” ती म्हणाली. “अर्ज लिहा. मी साडी बदलते.”

दुनियेचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या हाताला ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: ‘चुकलो.’

आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयात कुणीही जागेवर नव्हतं. सगळे सभागृहात होते, कारण साडेचारला माझा निरोप समारंभ होता आणि बिस्किटं आली होती. मी साहेबांपुढे कागद ठेवला. ते वाचून माझ्याकडे दयेने बघतील, बोलतील, याची मी तयारी करून आलो होतो. साहेब घाबरले. “मागे घेता? अहो, पण खर्च मंजूर झालाय! पुष्पगुच्छ आलाय!” तीन महिन्यांत माझ्या जागी कुणी मिळालं नव्हतं, त्यामुळे अर्ज त्यांनी जागच्या जागी मंजूर केला, पण मंजूर खर्च रद्द करायची तरतूद कुठेच नव्हती. म्हणून समारंभ झाला. मी खुर्चीत बसलो, गळ्यात हार घातला गेला आणि न जाणाऱ्या माणसाला निरोप सुरू झाला.

साहेबांनी खिशातून कागद काढून भाषण वाचलं. ‘कार्यालयाचा आधारस्तंभ, मितभाषी, कर्तव्यतत्पर, त्यांची उणीव कधीही भरून निघणार नाही.’ ऐकता ऐकता मला शब्द ओळखीचे वाटायला लागले. ते भाषण मीच लिहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी एका शिपायाच्या निरोपाला मी तो नमुना तयार केला होता आणि तेव्हापासून प्रत्येकाला तोच वाचतात, मोकळ्या जागेत नाव घालून. त्यानंतर बोललेल्या तिघांनीही तोच वाचला, एकाने मधलं पान गाळून. मग मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, फोटो काढला आणि सेवा चालू असल्यामुळे घड्याळ पावती देऊन परत घेतलं.

“वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला,” साहेब म्हणाले. नमुन्यात ते शेवटचं वाक्य आहे. आजवर कुणाच्या बायकोने बोलल्याचं मला आठवत नाही. माझी उठली.

“मला भाषण येत नाही,” ती म्हणाली. “आज सकाळी यांना चार लाख मिळत होते. नुसती सही करायची होती. यांनी केली नाही, कारण त्यात लोकांचे अर्ज द्यायचे होते, आणि बाकीची दुनिया त्यांना हसणार होती. लोक यांना हसले तेव्हा हे चादरीमागे जाऊन उभे राहिले. मीही हसले होते, ते माझं चुकलं. चार लाख गेल्याचं मला वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण नवरा चांगला मिळाला. हे उद्या दहा वाजता येतील.”

ती खाली बसली. मला डोळे पुसायचे होते आणि हार मध्ये येत होता.

परत येताना आम्ही बसची वाट न बघता चालत निघालो. मी म्हणालो, “अगं, सत्तावीस वर्षांत हे घरी कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही घरी कधी अर्ज केलात?” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला पुष्पगुच्छ काढून तिने स्वतःकडे घेतला.